कोरडे खाद्य दिल्याने मांजरीचे दात स्वच्छ राहतात का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: घोडबंदर रोडच्या घरातली तुमची तीन वर्षांची मांजर पाऊचमधले ओले खाद्य आणि उकडलेले मासे खाते, अलीकडे तिच्या तोंडाला वास येतो, आणि कोरडे दाणे सुरू केले की दात आपोआप साफ होतील असे शेजारी सांगतात. मी पशुवैद्य नाही. नेरुळला अनेक वर्षे मांजरी पाळणारा आणि त्यांच्या डॉक्टरांना नको इतके प्रश्न विचारणारा माणूस आहे. माझ्या मते शेजाऱ्यांचा सल्ला फारसा उपयोगाचा नाही.

मांजरीच्या दाढा आपल्यासारख्या सपाट नसून कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. त्या मांस कापण्यासाठी आहेत, दळण्यासाठी नव्हेत. त्यामुळे साधा दाणा दाताच्या टोकाला लागताच फुटतो, पुष्कळदा तर तो न चावताच गिळला जातो, आणि आजार जिथे सुरू होतो त्या हिरडीच्या कडेपर्यंत त्याचे घर्षण पोहोचतच नाही. दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर काही दिवसांतच लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो आणि त्याचे किटण बनते, जे मग कोणत्याही खाद्याने निघत नाही. दातांसाठी म्हणून खास बनवलेले दाणे मात्र वेगळे असतात: ते आकाराने मोठे असतात, त्यांतल्या तंतूंमुळे दात आत रुततो, आणि काहींमध्ये लाळेतले कॅल्शियम बांधून ठेवणारे पॉलिफॉस्फेट असते. अमेरिकेतील व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल ही १९९७ पासून काम करणारी संस्था असे दावे तपासून आपला शिक्का देते. तो पाकिटावर आहे का, एवढे पाहावे.

आहाराचा दातांवरचा खरा परिणाम घासण्यापेक्षा पोषणातून होतो, आणि त्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. हाडाविना नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. पिल्लाला महिनोन्‌महिने केवळ काटे काढलेला मासा किंवा बोनलेस चिकन घातले, तर रक्तातली कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी शरीर हाडांतूनच ते काढून घेते, जबड्याचे हाड विरळ होते आणि दात हलू लागतात. म्हणून दिवाळे गावच्या मासळी बाजारातून आणलेले बोंबील-मांदेली कौतुकापुरते द्यावेत. रोजचे जेवण संपूर्ण आहार असे लिहिलेलेच असावे. कच्चा मासा नियमित देऊ नये, कारण काही माशांमध्ये थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. दात साफ व्हावेत म्हणून हाडे चघळायला देण्याच्या मी विरोधात आहे. त्याने दात तुटतात.

ओले खाद्य बंद करू नका. त्यातून पोटात जाणारे पाणी मूत्रमार्गासाठी मोलाचे आहे, विशेषतः आपल्या उकाड्यात. दातांसाठी रोज ब्रश करणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे. मांजरींसाठीची पेस्ट आधी बोटाने चाटवावी, नंतर ती मऊ ब्रशवर घेऊन फक्त गालाकडची बाजू घासावी. माणसांची टूथपेस्ट मुळीच वापरू नये, कारण मांजर चूळ भरत नाही, सगळे गिळते.

मात्र तुमच्या मांजरीच्या बाबतीत आहार आणि ब्रश या दोन्हींच्या आधी तपासणी हवी. वास म्हणजे बहुधा हिरड्यांचा दाह. मांजरींचे दात आपल्यासारखे किडत नाहीत, पण मुळाशी विरघळत जाण्याचा आजार त्यांच्यात बराच आढळतो, आणि तो पुष्कळदा एक्स-रेशिवाय कळत नाही. दुखऱ्या तोंडात ब्रश घातलात तर ती पुन्हा तोंड उघडू देणार नाही. भूल देऊन हिरडीखालची सफाई आणि दातांचे एक्स-रे दोन्ही होतात का, हे फोनवरच विचारून मग दवाखाना निवडा.

तोवर दाणे खावेत म्हणून तिला उपाशी मात्र ठेवू नका. मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. तिने एक दिवस जरी अन्नाला तोंड लावले नाही, तरी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.