डोक्यावरची बॅटरी घेताना लुमेन सोडा, उजेडाचा रंग बघा

प्रश्न : मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, मोटार रिवायंडिंगच्या दुकानात आहे. आठवड्यातनं दोन-तीनदा तरी बाहेर जायला लागतंय, कुणाचा स्टार्टर, कुणाचं पॅनल, कुणाच्या विहिरीवरचा पंप. दोन्ही हात कामात असतात म्हणून मोबाईल दातात धरून काम करतोय, आता हेडलॅम्प घ्यायचाय. ऑनलाइन बघितलं तर एकजण ५०,००० लुमेन (उजेडाचं माप) म्हणतोय ५०० रुपयात, आणि चांगल्या कंपनीचा ४०० लुमेनचा त्याच्या कितीतरी पट महाग. नेमकं बघायचं काय?

उत्तर : भावा, पहिलं म्हणजे तो ५०,००० वाला आकडा डोक्यातनं काढून टाका. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ८०० लुमेन द्यायचा आणि आत्ताची चांगली एलईडी एका वॅटला १००-१५० लुमेन देतीय, म्हणजे ५०,००० साठी तीनशे ते पाचशे वॅट लागणार. डोक्यावरच्या त्या एका सेलमध्ये सगळी मिळून बारा-तेरा वॅट-अवरच ताकद असते, तेवढा लोड त्याला झेपणारच नाही आणि झेपला तरी दोन मिनिटात खेळ खल्लास. ज्यानं खोक्यावर हा आकडा छापलाय त्यानं बाकीचं पण तसंच छापलेलं असणार असं समजून चला.

आता तुमच्या कामाचं बोलू. तुमचं काम हाताच्या अंतरावर, दीड-दोन फुटांवर. तिथं २० ते १०० लुमेन भरपूर होतात, विहिरीत वाकून बघायला किंवा आजूबाजूला नजर टाकायला ३०० असले की झालं. जास्त उजेड जवळनं मारला की पॅनलचा पांढरा पत्रा असा चमकतोय की डोळ्याची बाहुली बारीक होतीय आणि कॉन्टॅक्टरच्या (पॅनलमधल्या मोठ्या स्विचच्या) मागची जागा उलट जास्त काळी दिसायला लागतीय. म्हणून सगळ्यात वरचा मोड किती मोठा ते नका विचारू, सगळ्यात खालचा किती बारीक आहे आणि तो स्थिर राहतोय का ते विचारा. उजेड पसरट पाहिजे. मधी झगझगीत गोळा आणि कडेला अंधार असला की प्रत्येक स्क्रूला मान हलवायला लागतीय आणि संध्याकाळपर्यंत मान धरतीय. दुकानात भिंतीवर फूटभरावरनं मारून बघा, सारखा गोल पडला पाहिजे. असलेल्या बॅटरीचा गोळा फारच टोचत असेल तर स्टेशनरीच्या दुकानातली धुरकट मॅट चिकटपट्टी काचेवर लावा, लगेच फरक कळतोय (फक्त कमी उजेडावर वापरा, मोठ्या मोडला काच तापतीय).

आणि आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, जे खोक्यावर शोधून पण सापडत नाही, ते म्हणजे उजेडाचा रंग. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असतीय आणि तिच्यावर पिवळट लेप, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतंय. त्यामुळं स्वस्तातल्या एलईडीत लाल रंग कमी पडतोय, लाल, तपकिरी आणि नारिंगी वायर जवळजवळ सारखी दिसायला लागतीय. तुमच्या कामात तर हे फारच नडणार, कारण वाइंडिंग बघताना तुम्ही रंगावरनंच निदान करताय की. चांगली कॉइल तांबूस सोनेरी, जिथं तापली तिथलं इनॅमल (तारेवरचा लेप) आधी गडद चॉकलेटी, मग काळं. निळसर उजेडात तो गडद चॉकलेटी पट्टा चांगल्या वायरीत मिसळून जातोय आणि जळका भाग नजरेतनं सुटतोय. टर्मिनलवरचा हिरवा गंज पण तसाच. म्हणून सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला बघा आणि रंग ४००० ते ५००० केल्विन (उजेड पिवळट की निळसर ते सांगणारं माप), ६५०० चा निळसर नको. दुकानात जाताना खिशात लाल आणि तपकिरी वायरीचा एकेक तुकडा आणि जळक्या कॉइलची चार इंच तार टाकून न्या, त्या उजेडाखाली धरा, फरक दिसत नसेल तर कितीही भारी कंपनी असू दे, परत ठेवा.

अजून एक गोष्ट, उद्यमनगरात आहात म्हणून मुद्दाम सांगतो. काही बॅटऱ्या उजेड कमी करायला एलईडी वेगानं चालू-बंद करतात, डोळ्याला कळत नाही पण लेथचा फिरणारा चक किंवा पंखा त्या उजेडात थांबल्यासारखा दिसू शकतोय. लेथजवळ हे जिवावरचं आहे. मोबाईलचा कॅमेरा चालू करून उजेडाकडं धरा, काळे पट्टे सरकताना दिसले तर ती बॅटरी फिरत्या मशीनजवळ वापरू नका.

सेल काढता येणारा घ्या, १८६५० साइजचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब). संपला की दुसरा टाकायचा आणि काम चालू. या साइजमध्ये ३५०० एमएएचच्या (सेलच्या साठवणीचं माप) आसपास खरी हद्द आहे, ९९०० लिहिलेला सेल फुकट दिला तरी घेऊ नका. सुटा सेल किल्ल्या आणि चिल्लर असलेल्या खिशात टाकायचा नाही, शॉर्ट होऊन पेटतोय. चार्जिंग यूएसबी-सी असेल तर तुमचाच मोबाईल चार्जर लावून दुकानातच बघा, काही स्वस्त बॅटऱ्या दोन्हीकडं सी असलेल्या केबलनं चार्जच होत नाहीत. आणि खोक्यावर "१०० तास" असतंय त्याचा अर्थ पण समजून घ्या, एएनएसआय या अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या नियमानं उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात, म्हणजे शेवटचे कितीतरी तास नुसती मिणमिण. वजन सेलसकट शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि बॅटरीचं डोकं खाली-वर करताना कट-कट करून जागेवर बसणारा सांधा पाहिजे, ढिला असला की घामानं आणि हादऱ्यानं उजेड आपोआप नाकाखाली येतोय.

प्रश्न : आमचं शिरोळ तालुक्यात उसाचं रान आहे, रात्रीची लाइट असली की मोटार चालू करायला जावं लागतंय. डोक्याला बॅटरी लावली की चिलटं आणि पाखरं थेट तोंडावर. पावसात पण चालेल अशी कुठली?

उत्तर : दादा, किडे पांढऱ्या-निळ्या उजेडाला जास्त येतात, पिवळट उजेडाला कमी. स्टार्टरपाशी उभं राहून काम करताना पिवळा किंवा लाल मोड लावा, पण वायरींचे रंग बघायचे असतील तेवढ्यापुरता पांढरा करा, लाल उजेडात लाल वायर कळणारच नाही. बांधावरनं चालताना मात्र पांढराच, आणि तो कपाळावर नको, पट्टा कमरेला बांधा. एक तर पाखरं तोंडापासनं लांब राहतात, दुसरं म्हणजे खालनं आडवा उजेड पडला की ढेकळाची, वेटोळ्याची सावली उठून दिसतीय. कपाळावरनं सरळ पडलेल्या उजेडात घोणस वाळल्या पाल्यात दिसत नाही, म्हणून हे जीव तोडून सांगतोय. पावसाला आयपीएक्स४ (पाण्यापासनं बचावाचा दर्जा, खोक्यावर लिहिलेला असतोय) चालतंय, पाटात पडायची भीती असेल तर आयपीएक्स७, ते एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतंय, फक्त चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट दाबलेलं पाहिजे.

आणि पेटी उघडायच्या आधी मेन स्विच पाडा, टेस्टरनं तिन्ही फेज बघा. एक फेज गेलेला असला की मोटार नुसती घुमतीय आणि माणसाला वाटतंय लाइटच नाही, बाकीचे दोन फेज मात्र जिवंत असतात.

प्रश्न : मी रंकाळ्याजवळ राहते. रात्री गॅसचा वास आला तर लाइटचं बटण दाबू नका म्हणतात, मग हेडलॅम्प लावून रेग्युलेटर बघितला तर चालेल का?

उत्तर : नाही ताई. साधा हेडलॅम्प स्पार्कप्रूफ नसतो, त्याचं बटण पण बटणच आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतोय. अंधारातच हातानं चाचपून नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि बाहेर आल्यावरच मोबाईल काढून १९०६ ला फोन लावा.