कपाशीत डोमकळ्या दिसतायत, काय करू?

प्रश्न : दादा, माझी 3 एकर कपाशी आहे, यवतमाळ जिल्ह्यात. पात्या-फुलं लागलीत, पण काही फुलं उमलतच नाहीत, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली राहतात. दुकानदार म्हणतो दोन औषधं मिक्स करून मारा. मारू का?

उत्तर : थांबा भाऊ, पंप खाली ठेवा आधी. ते मिटलेलं फूल म्हणजे डोमकळी, एक तोडून पाकळ्या सोडवून बघा, आत बारीकशी गुलाबी बोंडअळी सापडेल. अशा सगळ्या डोमकळ्या रोज सकाळी वेचायच्या आणि अळीसकट नष्ट करायच्या, बांधावर फेकू नका, नाहीतर तीच अळी परत वावरात. एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढून घेणारे) लावा, रोज त्यातले पतंग मोजा, सलग 3 दिवस दर सापळ्यात 8 किंवा जास्त आले तरच फवारणीचा विचार. तोवर 5 टक्के निंबोळी अर्क चालतो, घरीच होतो, 5 किलो निंबोळीचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, थोडं साबणाचं पाणी टाकून 100 लिटर करायचं, मात्र त्याच दिवशी मारा, शिळा नको.

आणि मिक्सचं म्हणाल तर अजिबात नको. 2017 ला तुमच्याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन किती माणसं गेली ते तुम्हाला मी काय सांगू. अगदीच फवारायची वेळ आली तर कृषी सहायकाला विचारून एकच औषध, तोंडाला मास्क, हातात मोजे, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं नाही. फरदड (वेचणी संपल्यावरही तीच कपाशी पुढच्या बोंडांसाठी उभी ठेवणं) मात्र ठेवू नका हं यंदा.