घरप्रमुखाचा व्यवसाय आणि घराचा वर्ग

प्रश्न : आमच्या वस्तीत वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आरोग्य पाहणीसाठी आले होते. माझे पती सातवी शिकलेले, पूर्वी यंत्रमागावर कामाला होते. आजारपणामुळे आता घरीच असतात. मी दहावी उत्तीर्ण आहे आणि घर माझ्या खानावळीवर चालते. तरीही घरप्रमुख म्हणून पतींचे नाव आणि व्यवसायापुढे ‘बेरोजगार’ असे लिहून आमच्या घराचा सामाजिक-आर्थिक वर्ग ठरवण्यात आला. हे योग्य आहे का? आणि आरोग्याच्या पाहणीत वर्ग हवाच कशाला?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. माणूस काय काम करतो आणि किती जगतो, यांचा संबंध आहे, हे ब्रिटनमध्ये मृत्यूच्या नोंदी व्यवसायांनुसार वर्गवार लावल्यावर ठळकपणे पुढे आले. आरोग्यातील विषमतेवरच्या तेथील 1980च्या ब्लॅक अहवालानुसार अकुशल कामगारांच्या वर्गात निवृत्तीच्या वयाआधी मृत्यू येण्याची शक्यता वरिष्ठ व्यावसायिकांच्या वर्गाच्या अडीच पट होती. वर्गाची नोंदच नसती, तर ही तफावत सरासरीत बुडून गेली असती.

आपल्याकडे शहरी पाहण्यांत हा वर्ग ठरवायला बहुधा 1976ची कुप्पुस्वामी मोजपट्टी वापरतात. तीत घरप्रमुखाच्या शिक्षणाला कमाल 7, त्याच्या व्यवसायाला 10 आणि कुटुंबाच्या उत्पन्नाला 12 गुण असतात. उत्पन्नाचे आकडे महागाईनुसार बदलत राहतात. उत्पन्नाचे 4 गुण धरले, तर सातवीचे 3 आणि बेरोजगारीचा 1 मिळून आपल्या घराचे 8 गुण होतात, म्हणजे कनिष्ठ वर्गाचा वरचा थर. घरप्रमुख म्हणून आपले नाव लिहिले आणि खानावळ दुकानदारांच्या गटात धरली, तर दहावीचे 4, व्यवसायाचे 5 आणि उत्पन्नाचे 4 मिळून 13 होतात आणि तेच घर मध्यमवर्गाच्या खालच्या थरात जाते. घरात एक रुपयाचीही भर न पडता वर्ग बदलतो, हा या पद्धतीतला उघड दोष आहे. (याच पट्टीत कारकून, दुकानदार आणि शेतकरी यांना सरसकट 5 गुण आहेत, वीस एकरांचा बागायतदार आणि दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी त्यात एकाच रांगेत बसतात.)

मात्र घरप्रमुख पुरुषच असावा, असा नियम नाही. जनगणनेतसुद्धा कुटुंब ज्याला प्रमुख मानते, तोच प्रमुख, मग ती स्त्री असली तरी चालते. म्हणून विद्यार्थ्यांनी आधी तेवढे विचारायला हवे होते.

माझ्या मते याहून मोठी चूक वेगळीच आहे. व्यवसायावरून घराची ऐपत कळते, तसेच त्या माणसाचे शरीर दिवसभर कशाला तोंड देते, हेही कळते. आणि यातली दुसरी गोष्ट घरातल्या इतरांबाबत कळायला घरप्रमुखाचा व्यवसाय निरुपयोगी ठरतो. आपल्याच शहरात हजारो स्त्रिया विड्या वळतात. तंबाखूची धूळ त्यांच्या श्वासात जाते, पतीच्या नव्हे. त्यांच्या खोकल्याची नोंद पतीच्या व्यवसायाखाली झाली, तर कारण सापडणार कसे? आपल्या पतींबाबतही ‘बेरोजगार’ हा शब्द यंत्रमागावरच्या वर्षांतला तंतू, धूळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज पुसून टाकतो. वयस्कर वा आजारी व्यक्तीचा पूर्वीचा मुख्य व्यवसाय आणि त्यात घालवलेली वर्षे विचारलीच पाहिजेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घराची ऐपत पक्के घर, शौचालय, वाहन, दूरचित्रवाणी संच अशा गोष्टींवरून ठरते. तेथे घरप्रमुखाचा घोळ टळतो, पण कामाचा शरीरावरचा परिणाम त्या यादीतून कळत नाही.

विद्यार्थी पुन्हा आल्यास घरप्रमुख कोण, हे आपणच सांगावे. पतींच्या नावापुढे यंत्रमागाची वर्षे आणि आपल्या नावापुढे खानावळ, तसेच चुलीपुढे उभे राहण्याचे रोजचे तास लिहून घ्यायला लावावेत.