टर्मिनलवर चालणारी प्रोसिजर पीएचपीतून का अडते?

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील वाचकांचे पुढील चारही प्रश्न पीएचपी या भाषेतून मायएसक्यूएल या डेटाबेसच्या स्टोअर्ड प्रोसिजरला, म्हणजे डेटाबेसमध्येच नाव देऊन साठवलेल्या आज्ञांच्या संचाला, कॉल करताना येणाऱ्या अडचणींचे आहेत.

प्रश्न (तासगाव): बेदाण्याच्या शीतगृहासाठी मी हिशेबाची प्रणाली केली आहे. शेतकऱ्याच्या पेट्यांचा तपशील देणारी प्रोसिजर नीट चालते. मात्र त्याच पानावरची पुढची साधी क्वेरी ‘कमांड्स आउट ऑफ सिंक’ अशी एरर देते. टर्मिनलवर, म्हणजे मायएसक्यूएलच्या कमांड लाइनवर, तीच प्रोसिजर कितीही वेळा चालते. चूक कोठे आहे?

उत्तर: प्रोसिजरमध्ये चूक नाही; तिचे उत्तर शेवटपर्यंत वाचले जात नाही, ही अडचण आहे. साध्या सिलेक्टला, म्हणजे माहिती मागणाऱ्या क्वेरीला, सर्व्हर एकच निकाल पाठवतो. कॉलला मात्र प्रोसिजर देत असलेल्या प्रत्येक सिलेक्टचा एकेक निकाल येतो आणि सर्वांत शेवटी, काम संपल्याचे कळवणारा, एकही ओळ नसलेला आणखी एक निकाल येतो. आपण पेट्यांची यादी वाचून थांबता, तेव्हा हा शेवटचा निकाल कनेक्शनवर तसाच पडून राहतो, आणि तो उचलला जाईपर्यंत त्या कनेक्शनवर नवी क्वेरी चालत नाही. २०१४ क्रमांकाच्या या एररचा अर्थ एवढाच आहे. टर्मिनलचा प्रोग्राम सारे निकाल स्वतःच वाचून घेतो, म्हणून तेथे काही जाणवत नाही.

पीएचपी मायएसक्यूएलशी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ या एक्स्टेन्शनद्वारे जोडता येते. मायएसक्यूएलआय वापरत असाल, तर पहिला निकाल वाचून मोकळा केल्यावर नेक्स्ट_रिझल्ट हे फंक्शन फॉल्स मिळेपर्यंत लूपमध्ये चालवावे आणि दरम्यान येणारा प्रत्येक निकाल स्टोअर_रिझल्टने घेऊन मोकळा करावा. पीडीओमध्ये सगळ्या ओळी घेतल्यावर क्लोजकर्सर पुरते. एकाहून अधिक सिलेक्टचे निकाल हवे असतील, तर त्याआधी नेक्स्टरोसेट वापरावे.

दर कॉलला नवे कनेक्शन उघडण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. त्याने एरर जाते हे खरे. पण ट्रॅन्झॅक्शन, म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या किंवा एकत्र मागे घेतल्या जाणाऱ्या नोंदींचा गट, एका कनेक्शनपुरतेच असते, त्यामुळे पेट्यांची आवक एका कनेक्शनवर आणि भाड्याची नोंद दुसऱ्यावर झाली व मध्येच बिघाड झाला, तर दोन्ही नोंदी एकत्र मागे घेता येणार नाहीत. शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबात हा धोका पत्करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न (मिरज): पीडीओच्या बाइंडपॅरमने आउट पॅरामीटर (प्रोसिजरकडून किंमत परत आणणारा) जोडला, तर १४१४ क्रमांकाची एरर येते.

उत्तर: आउट पॅरामीटरच्या जागी सर्व्हरला व्हेरिएबल हवे असते, आणि पीडीओ नेहमीच्या सेटिंगमध्ये तेथे थेट किंमत लिहून पाठवते. कॉलमध्ये त्या जागी ॲट चिन्हाने सुरू होणारे सेशन व्हेरिएबल लिहावे, कॉलनंतर क्लोजकर्सर करावे आणि त्याच कनेक्शनवर सिलेक्ट करून त्या व्हेरिएबलची किंमत घ्यावी.

प्रश्न (कऱ्हाड): आमच्या पतसंस्थेत सभासदाचे नाव थेट इन्सर्टने मराठीत नीट साठते, पण प्रोसिजरमार्फत गेले की नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. टेबल आणि कनेक्शन दोन्ही देवनागरी साठवू शकणाऱ्या यूटीएफ८एमबी४ मध्ये आहेत.

उत्तर: टेबल आणि कनेक्शन यांच्यामध्ये प्रोसिजरचा पॅरामीटर आहे, आणि त्यालाही स्वतःचा कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरे साठवण्याची संकेतपद्धती, असतो. तो वेगळा लिहिलेला नसेल, तर प्रोसिजर तयार झाली त्या वेळी डेटाबेसचा जो असेल तो ठरतो, आणि पुढे डेटाबेसचा बदलला तरी पॅरामीटरचा बदलत नाही. ८.० आवृत्तीपूर्वी मायएसक्यूएलचा मूळ कॅरॅक्टर सेट लॅटिन१ होता, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. स्ट्रिक्ट मोड (न बसणारी किंमत नाकारणारी सेटिंग) असता तर एरर येऊन काम तेथेच थांबले असते. तो नसल्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी मुकाट्याने प्रश्नचिन्ह बसले. शो क्रिएट प्रोसिजर चालवल्यावर ‘डेटाबेस कोलेशन’ या रकान्यात लॅटिन१ दिसले, तर निदान पक्के समजावे. डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट बदलावा, प्रोसिजर ड्रॉप करून नव्याने तयार करावी, आणि पॅरामीटरच्या व्याख्येतही यूटीएफ८एमबी४ स्पष्ट लिहावे. प्रश्नचिन्हे झालेली नावे मात्र कोणत्याही रूपांतराने परत मिळणार नाहीत. ती सभासद नोंदवहीतून पुन्हा भरावी लागतील, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत नव्या नोंदी थांबवाव्यात.

प्रश्न (वाई): एका ग्राहकाचा पत्ता बदलण्यासाठी प्रोसिजरला कॉल केला, तर सगळ्याच ग्राहकांचे पत्ते बदलले. पीएचपीने क्रमांक योग्यच पाठवला होता.

उत्तर: पॅरामीटरचे नाव कॉलमच्या नावासारखेच ठेवलेले असावे. प्रोसिजरमध्ये ‘व्हेअर ग्राहक_क्रमांक = ग्राहक_क्रमांक’ असे लिहिल्यास मायएसक्यूएल दोन्ही बाजूंना पॅरामीटरच धरते; पॅरामीटर स्वतःशी नेहमीच समान असतो, त्यामुळे अट प्रत्येक ओळीला लागू होते आणि एररही येत नाही. या चारांत मला सर्वांत जास्त भीती याच चुकीची वाटते. प्रत्येक पॅरामीटरच्या नावाआधी ‘पी_’ लावावे आणि इतर सर्व प्रोसिजरही याच नजरेने आजच तपासाव्यात. पत्त्यांसाठी कालचा बॅकअप चालू डेटाबेसवर चढवू नये, कारण त्यात आजच्या नोंदी पुसल्या जातील. तो वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये उघडून, ग्राहक क्रमांक जुळवून फक्त पत्त्याचा कॉलम परत आणावा.