गाडी मागून बघ

प्रिय मुली,

तू पाठवलेले फोटो बघितले. पाच गाड्या, आणि पाचही समोरून काढलेल्या. दिवे कसे तिरके, जाळी कशी रुबाबदार, बॉनेट कसं छाती काढून उभं. वर तुझा प्रश्न: "मावशी, बंड्यासाठी यातली कुठली बरी? पण दिसायलाही छान हवी हं!" अगं, बंड्या काय बॉनेटवर बसणार आहे? एकाही गाडीचं ढुंगण तू मला दाखवलेलं नाहीस.

म्हणून एकच गोष्ट सांगते, आणि पत्र संपेपर्यंत तीच सांगत राहणार आहे. गाडी मागून बघ.

बंड्या आठ वर्षांचा लॅब्रेडोर, तीस-बत्तीस किलोचा. खुब्याचं दुखणं या जातीच्या पाचवीलाच पुजलेलं. आज तो टुणकन उडी मारून चढतो, उद्या त्याला उचलून ठेवावं लागेल. तेव्हा शिवणकामाची टेप घे आणि जमिनीपासून डिकीच्या कडेपर्यंतची उंची मोज. शोरूममधला मुलगा ग्राउंड क्लिअरन्सचं, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच त्याचं, कौतुक ऐकवेल. ऐकून घे, पण त्यातला प्रत्येक सेंटिमीटर तुझ्या कमरेतून वसूल होणार आहे हे ध्यानात ठेव. चढण्यापेक्षा उतरणं वाईट. उंचावरून उडी मारली की सगळा भार पुढच्या पायांवर, खांद्यावर येतो.

मग तो मुलगा डिकीचे लिटर सांगेल. लिटर हे पाणी मोजायचं माप आहे, कुत्रा ओतता येत नाही. लॅब्रेडोर खांद्यापाशी साधारण 56-57 सेंटिमीटर उंच असतो, डोकं त्याच्याही वर. तुला 2024 मध्ये आलेल्या कर्व्ह आणि बसॉल्टसारख्या उतरत्या छताच्या गाड्या आवडल्यात. आवडू देत, देखण्या आहेतच. मागचं दार काचेसकट वर जातं हीही सोय. पण ते बंद केल्यावर काच त्याच्या डोक्याच्या किती वर राहते? त्याला आत बसव, दार हळूहळू खाली आण आणि बघ. हे ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

आता माझं ऐक. आमच्याकडे इंडिगो मरीना होती. टाटांनी 2004 मध्ये काढलेली स्टेशन वॅगन. बिल्डिंगमधले लोक तिला अँब्युलन्स म्हणायचे, एका भाच्याचं तर शववाहिकाही म्हणून झालं. म्हणा! डिकीची कड माझ्या गुडघ्याच्या आसपास, दार उघडलं की आमचा कुत्रा भिकू चालत गेल्यासारखा आत. रात्री-अपरात्री त्याला परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तेव्हा टॅक्सीवाल्यांनी माना फिरवल्या. ही गाडी होती म्हणून निभावलं. आणि दिसायला वाईट नव्हतीच मुळी. बाजूने बघितली की छताची रेघ सरळ मागेपर्यंत जायची, कुठे तुटायची नाही. युरोपात त्याच आकाराच्या गाड्या लोक हौसेने घेतात. आपल्याकडे अशाच स्टेशन वॅगन असलेल्या बलेनो अल्टुरा चालली नाही, कोर्सा स्विंग चालली नाही, मरीनाही गेली. का? कारण आपण गाडी समोरून बघतो. मी तेव्हाही बरोबर होते, आजही आहे. फक्त ती विकली याची हळहळ अजून जात नाही.

आणि सगळा दोष गिऱ्हाइकाचाही नाही. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं आणि कंपन्यांनी गाडीची शेपटी कापायला घेतली. इंडिगोचीच सीएस आवृत्ती बघ, मागून छाटून चार मीटरच्या आत बसवलेली. सप्टेंबर 2025 पासूनच्या जीएसटीतही तीच रेघ आहे. चार मीटरच्या आत आणि इंजिन ठरलेल्या मर्यादेत असेल तर 18 टक्के, नाहीतर 40. म्हणजे छोटी गाडी घेतलीस तर जी जागा गेली ती बहुतेक मागचीच गेली, हे समजून घे. सीएनजी हवी असेल तर आणखी जपून. नेहमीची टाकी अख्खी डिकी खाते. टाटांनी 2023 पासून दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवायला सुरुवात केली. सीएनजीच घ्यायची तर तसली बघ.

डिकी नको, मागच्या सीटवरच बसवते म्हणशील. चालेल. मुंबईच्या घामात तेच बरं, कारण डिकीपर्यंत एसीचा वारा नीट पोहोचत नाही. पण मग मागे स्वतः जाऊन बस. पुढे नाही, मागे! काचा वर, एसी चालू, आणि हात धरून बघ वारा लागतो का. मागच्या सीटसाठी एसीचे वेगळे व्हेंट, म्हणजे वाऱ्याच्या जाळ्या, आहेत का? सीटची पाठ साठ-चाळीसमध्ये, म्हणजे एक मोठा आणि एक लहान असे दोन भाग वेगवेगळे, दुमडते का? खालच्या व्हेरियंटमध्ये बऱ्याचदा ती अखंड असते, मग एक तर बंड्या नाही तर तुझी आई. आणि पट्टा छातीभोवती घालायच्या हार्नेसलाच अडकवायचा, गळपट्ट्याला कधीही नाही. ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो. पुढच्या सीटवर तर त्याला बसवायचंच नाही, समोर एअरबॅग असते.

सनरूफबद्दल विचारलंयस. बंड्याने त्यातून डोकं काढलेला फोटो तुला हवाय, मला ठाऊक आहे. नको. डोळ्यात कचरा जाईल तो जाईलच, वर एप्रिल-मेमध्ये ती काच तापून आत भट्टी होईल.

स्टाइलचं म्हणशील तर बाहेरचा रंग तुझा, आतला बंड्याचा. त्याचे केस फिक्कट, म्हणजे काळ्या कापडी सीटवर ते पहिल्याच दिवशी दिसतील आणि विणीत रुतून बसतील. हल्लीचे ते पांढरे-क्रीम इंटिरियर जुलैत शिवाजी पार्कच्या चिखलाला एक रविवारही पुरणार नाहीत. मधला तपकिरी किंवा राखाडी रेक्झिन घे. नखांचे ओरखडे पडतील, त्यावर जाड चादर. भांडी घासायचा रबरी हातमोजा ओला करून फिरवला की केस गोळा होतात. बंपरवर मात्र रबरी पट्टी लाव, नाहीतर रंग खरवडून निघेल.

आणखी एक, टेस्लावरून. बीकेसीतल्या शोरूममध्ये जाऊन आलीस आणि डॉग मोडवर भाळलीस म्हणे. गाडी उभी असताना एसी चालू राहतो, पडद्यावर आतलं तापमान दिसतं, मालक येतोच आहे अशी पाटी येते. छान आहे. साठ लाखांच्या आसपास किंमत आहे, तेही छान आहे! पण बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढू शकतं. पाटी असो नसो, मुंबईत कुत्र्याला गाडीत ठेवून खरेदीला जायचं नाही. एवढं माझं ऐकायचं.

बुकिंग करण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेट. तुमचं पार्किंग स्टॅक आहे, म्हणजे एकावर एक गाड्या चढवायचं, त्याला उंची आणि वजनाची मर्यादा असते. उंच एसयूव्ही आणलीस आणि वरच्या पाळण्यात बसली नाही तर रोज रस्त्यावर जागा शोधत फिरशील.

शनिवारी मी येते, टेप माझ्याकडे आहे. शोरूमला आधीच फोन करून सांग की कुत्रा आणणार, म्हणजे ते गाडी मागच्या अंगणात काढून ठेवतील. नाही म्हणाले तर दुसरं शोरूम. टेस्ट ड्राइव्ह बंड्यासकट, चादर आपली आणि रस्ता स्पीडब्रेकरचा. त्याला सकाळी पोटभर घालू नकोस, गाडी लागते त्याला. आणि त्याआधी त्या पाचही गाड्यांचे मागून फोटो पाठव, दार उघडं ठेवून.

तुझी,
मावशी