साठ पानांची ब्रँड गाईड राहू द्या, आधी झेरॉक्स काढा

ताई, तुम्ही लिहिलंय की गोव्यात, फोंड्याला तुमची संस्था डेंगीचं आणि बीपी-शुगरच्या शिबिरांचं काम करते, लोगो तयार आहे आणि कमिटीला आता साठ पानांची ब्रँड गाईड (लोगो, रंग, फाँट कसे वापरायचे त्याची पुस्तिका) हवीय, तर सुरुवात कुठून करू. अशाच एका संस्थेत मी बरीच वर्षं हेच काम केलंय म्हणून सांगतो, साठ पानं कोणी वाचत नाही. आमची गाईड खरी वापरायचे ते म्हापशातल्या प्रेसमधला कोरलवर (डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर) बसलेला मुलगा आणि व्हॉट्सॲपवर पोस्टर पुढे पाठवणाऱ्या फिल्डवरच्या बायका. कमिटीतल्या सरांनी एकदा चाळली, छान म्हणाले, झालं. आठ पानं पुरेत.

पहिलं काम म्हणजे लोगो आणि बीपी कार्ड घेऊन नाक्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढा. आम्ही कार्डावर नॉर्मलला हिरवा चौकोन आणि १४०/९० च्या वर लाल चौकोन असं केलेलं, स्क्रीनवर एकदम झकास, आणि एक आजी त्याचीच झेरॉक्स घेऊन आल्या तर दोन्ही चौकोन सारखेच राखाडी, नेमकं कुठल्यावर टिक आहे ते डॉक्टरांनाही कळेना. मग हिरव्याच्या जागी गोल, लालच्या जागी त्रिकोण, आणि आत शब्द लिहिला. लाल-हिरवा ज्यांना वेगळा दिसत नाही त्यांचंही त्यात भागलं. लोगोचं नुसतं काळ्या रंगातलं रूप पहिल्याच पानावर टाका, रबर स्टँपलाही तेच लागतं.

लोगोत लाल क्रॉस असेल तर आजच काढा. तो दवाखान्याची खूण म्हणून कोणीही वापरायचा नसतो, जिनिव्हा करारांखालचं संरक्षित चिन्ह आहे आणि आपल्याकडे १९६० च्या कायद्याने परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे (डॉक्टरांच्या गाड्यांवर सर्रास दिसतो तो भाग सोडा). डब्ल्यूएचओचं नाव आणि चिन्हही १९५० च्या वेगळ्या कायद्यात येतं. आमच्या पहिल्या बॅनरवर दोन्ही होते, आणि टाकलेले मीच.

रंगाचं थोडक्यात. कुठल्या पक्षाच्या झेंड्यासारखी जोडी नको, नाहीतर आचारसंहिता लागली की तुमच्या डेंगीच्या पोस्टरकडेही लोक संशयाने बघतात. स्क्रीनवरचा चकचकीत मोरपिशी छापून आला की मळका दिसतो, तेव्हा सीएमवायकेचे (छपाईच्या चार शाईंच्या प्रमाणाचे) आकडे तुमच्याच प्रेसमध्ये पट्टी छापून, ती उन्हात बघून ठरवा. आणि कृपा करून आझुलेजोची (पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या टाइल्सची) निळी बॉर्डर आणि माड नको, किनाऱ्यावरच्या शॅकचं मेनूकार्ड वाटतं.

फाँटवर मात्र वेळ घालवा, आपल्याकडे खरी गंमत तिथेच होते. एकदा 'स्त्रियांसाठी मोफत तपासणी' असे चार बॅनर छापून आले, स्त्रीचा हलन्त वेगळा, त वेगळा, वेलांटी भलत्याच अक्षरावर. प्रेसवाल्याकडे जुना कोरल, त्याने आमचा युनिकोड मजकूर तसाच चिकटवला, आणि प्रूफ बघायला कोणाला वेळ होता! तेव्हापासून नियम केला की प्रेसला जाईल ती कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकलेली पीडीएफच, एडिट होणारी फाईल आपल्याकडे. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आणि लायसन्सची कटकट नाही. मराठी आणि देवनागरी कोंकणी त्यात होतेच, पण रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीतली टिल्डवाली, म्हणजे डोक्यावर ~ असलेली अक्षरं नीट येतात का ते एक आख्खा परिच्छेद टाईप करून बघा, दोन शब्दांवर भागवू नका. कामगार वस्तीत जात असाल तर कन्नड फाँटही आत्ताच ठरवून टाका, ऐनवेळी कोणीतरी काहीही लावतो.

देणगीदारांचे लोगो कुठे, कुठल्या क्रमाने, किती उंचीचे ते एका पानावर लिहून कमिटीकडून पास करून घ्या, आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून झाली. पेशंटचा फोटो लेखी संमतीशिवाय नाही, आणि टीबी, एचआयव्हीच्या पोस्टरवर चेहरा नाहीच, तिथे चित्र काढून घ्या.

तुमचं बीपी कार्ड इथे टाका, बघून सांगतो. झेरॉक्स काढलेलंच टाका हां.