स्पायडरवर ३ लाख ९० हजार ओतण्याआधी

प्रश्न : वय ४१. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, ऐरोलीत आयटीत नोकरी. हातात पगार १ लाख ७० हजार. पत्नी शिकवण्या घेते, त्यातून १५ हजार येतात. मुलगी नऊ वर्षांची, आई आमच्याकडेच असते. घरकर्ज ३८ लाख बाकी, हप्ता ४५ हजार. घरखर्च ७० हजार. एफडी ६ लाख, म्युच्युअल फंड ९ लाख. शिवाय वर्षाला १ लाख हप्त्याची एक गॅरंटीड पॉलिसी आहे, त्यामुळे विम्याची चिंता नाही.

दोन वर्षांपूर्वी एका हौशी माणसाकडून पोर्शे ५५० स्पायडरची रेप्लिका ११ लाखांना घेतली. २०१२ च्या स्विफ्टवर बनवलेली आहे. बॉडी फायबरची, इंजिन सीटच्या मागे, वर छत नाही. आता तिला नीट सजवायचं आणि जपायचं आहे. रंगावर प्रोटेक्शन फिल्म १ लाख ३० हजार, लेदर सीट ७० हजार, कापडी छत ६० हजार, तारांच्या स्पोकची चाकं ९० हजार, मीटर आणि स्टिअरिंग २८ हजार, वॉटरप्रूफ कव्हर १२ हजार. एकूण ३ लाख ९० हजार. एफडी मोडू, पॉलिसी सरेंडर करू (मुदतीआधीच बंद करून मिळतील ते पैसे घेऊ) की पर्सनल लोन घेऊ? आणि फिल्म मॅट घेऊ की ग्लॉसी? गाडी पुढे व्हिंटेज होईल आणि भाव चढेलच, म्हणून हा खर्च मी गुंतवणूक मानतो. फोटो, आरसी, या पॉलिसीचे आणि गाडीच्या विम्याचे कागद जोडले आहेत. फिल्मवाल्याला १० हजार टोकनही दिलंय.

उत्तर : पैसे कुठून आणू, असं विचारलंत. कुठूनच आणू नका. आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टींकडे येतो.

पाठवलेल्या फोटोंपैकी चौथा मोठा करून बघा. इंजिन दाखवायला म्हणून काढलेला दिसतोय. त्यात खाली उजवीकडे चौकोनी पाइपांच्या सांगाड्यावर पोस्टकार्डाएवढा पत्र्याचा तुकडा आहे, चारी कडांना वेल्डिंगचे ओघळ, वरून काळा रंग मारलेला. त्या तुकड्यावर चासी नंबर आहे आणि तो तुमच्या आरसीवरच्या नंबराशी जुळतो. म्हणजे स्विफ्टची चासी गेली भंगारात, नंबराचा तेवढा पत्रा कापून नव्या सांगाड्याला जोडला. विकणाऱ्याने ‘आरसी क्लिअर आहे’ असं सांगितलं असणार. आहेच क्लिअर, पण ती पाच माणसांच्या हॅचबॅकची आहे. तुमच्या इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी आहे ती दोन माणसांची उघडी गाडी.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मूळ दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी किट, त्याच जातीचं इंजिन बदलणं, अशा थोड्या गोष्टींना परवानगीची वाट आहे. सांगाडाच नवा घालायला नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा ठणकावून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. त्यात बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही आहे. दंडाची रक्कम बघून तुम्ही हसाल. माझा जीव दंडात अडकलेला नाही.

गाडीच्या विम्याचा कागद उघडा. ‘मारुती स्विफ्ट, आसनं ५, आयडीव्ही १ लाख ५० हजार.’ आयडीव्ही म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत. गाडी उद्या जळाली किंवा चोरीला गेली आणि कंपनीने एकही प्रश्न न विचारता क्लेम मंजूर केला, तरी ११ लाखांच्या गाडीचे दीड लाख मिळतील. पण प्रश्न विचारले जातील. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येतो, चासी नंबर बघतो, गाडी बघतो. स्विफ्टचा क्लेम आणि समोर स्पायडर, हे बघून तो काय लिहील ते तुम्हीच सांगा.

हेही सोसलं असतं. गाडी तुमची, नुकसान तुमचं. दुसऱ्याच्या अंगाला धक्का लागला तर काय, हा खरा प्रश्न आहे. गायमुखच्या उतारावर किंवा पातलीपाड्याच्या सिग्नलला तुमच्या गाडीने दुचाकीवाल्याला उडवलं आणि तो गेला, असं धरा. वय ३५, कमाई महिना ५० हजार, मागे बायको आणि दोन मुलं. अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई काढतं ती ठरलेल्या रीतीने. २००९ च्या सरला वर्मा निकालातला गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला वयानुसार ज्याने गुणायचं तो आकडा, आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालातली भावी उत्पन्नाची वाढ. पन्नास हजारांवर ४० टक्के धरले की ७० हजार. त्यातला एक तृतीयांश त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा, राहिले ४७ हजार. वर्षाचे झाले ५ लाख ६० हजार. पस्तिशीला गुणक १६. म्हणजे नव्वद लाख, बारीकसारीक रकमा आणि व्याज वेगळं.

थर्ड पार्टी विम्यात मृत्यू आणि इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही, म्हणून आपण एरवी बिनघोर गाडी चालवतो. पण पॉलिसीच्या अटी मोडल्या असतील तर विमा कंपनी हात वर करू शकते. बऱ्याचदा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, आधी त्या कुटुंबाला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. त्या कुटुंबासाठी हे योग्यच आहे. मालक तुम्ही आहात. तुमचे फंड आणि एफडी मिळून १५ लाख होतात, उरलेले पंचाहत्तर लाख कुठून देणार? फ्लॅट तुमच्या नावावर आहे ना?

आणि तुम्ही मला विचारताय फिल्म मॅट घेऊ की ग्लॉसी. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आरसीची तारीख पाहिलीत का? मार्च २०२७. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते. तिथला निरीक्षक आरसीवर स्विफ्ट वाचून मान वर करेल तेव्हा त्याला काय दिसणार आहे? ‘एजंट करून देईल’ असं कुणी सांगितलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा की एजंटाचं नाव आरसीवर नसतं. ३ लाख ९० हजारांचं सामान तुम्ही अशा गाडीवर चढवताय जिचा रस्त्यावरचा शेवटचा दिवस कागदावर छापलेला आहे. त्यातही तारांची चाकं वगैरे म्हणजे बेकायदा बदलांच्या यादीत आणखी भर.

व्हिंटेजचं स्वप्न एका परिच्छेदात आटोपतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी. तुमची पहिली नोंदणी २०१२ ची, म्हणजे २०६२ साली पन्नास होतील आणि तुम्ही असाल सत्त्याहत्तरच्या पुढे. मूळ रूप तर कटरखाली गेलंच आहे, आणि ते होतं स्विफ्टचं. खऱ्या ५५० स्पायडर १९५३ ते ५६ मध्ये नव्वदच्या आसपास बनल्या, म्हणून त्या लिलावात कोट्यवधींना जातात. त्यांच्या किमतीचा तुमच्या फायबरच्या बॉडीशी काडीचा संबंध नाही. रेप्लिका वाईट असते असं मी म्हणत नाही. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बनवली होती, तीही फायबरचीच. पण ती बनवणाऱ्याने गाडी म्हणून आपल्या नावाने बनवली होती, दुसऱ्या गाडीच्या नंबराखाली लपवली नव्हती. हौस म्हणून ११ लाख गेले असं म्हणालात तर मी काही बोलणार नाही. तुम्हीच त्याला गुंतवणूक म्हणालात.

आता ती ‘गॅरंटीड’ पॉलिसी. गॅरंटीड हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडी होता, कागदावर विसाव्या वर्षी मिळतील म्हणून दाखवलेल्या २४ लाखांच्या रकान्यावर तो नाही. इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पॉलिसीतून किती मिळू शकेल हे दाखवणाऱ्या तक्त्यात, दोन रकाने आहेत, एक ४ टक्के धरून आणि एक ८ टक्के धरून. ते नियमाने छापावेच लागतात आणि दोन्ही निव्वळ गृहीतकं आहेत. तुमच्या प्रतीवर ८ टक्क्यांच्या रकान्यातल्या २४ लाखांभोवती निळ्या पेनाने गोल केलाय. शेजारच्या १५ लाखांना कुणी पेन लावलेलं नाही. हमीची रक्कम तर त्याहून कमी, खालच्या बारीक अक्षरांत.

बरं, मिळाले २४ लाख असंच धरू. बारा वर्षं लाख-लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी २४ घ्यायचे, याचा परतावा निघतो पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. ८ टक्क्यांच्या रकान्यातून पावणेपाच! मधले कुठे गेले ते निळ्या पेनवाल्याला विचारा. तेच पैसे त्याच वेळापत्रकाने सरकारी पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी ठेवले असते तर ३३ लाख झाले असते. आणि या सगळ्याच्या बदल्यात विमा किती? दहा लाख. ‘विम्याची चिंता नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचलं.

तुमच्या माघारी घराला लागेल ते मोजू. कर्ज ३८ लाख. घरखर्च वर्षाला साडेआठ लाख, पंधरा वर्षांचा सव्वा कोटीच्या वर. मुलीच्या शिक्षणाला २५ लाख. झाले एक कोटी नव्वद. हातातले १५ लाख वजा करा, उरतात पावणेदोन कोटी. हाताशी आहेत दहा लाख. ऑफिसचा ग्रुप विमा असेल तर तो नोकरीसोबत जातो, त्यामुळे मोजत नाही. आणि हा माणूस सुटीच्या दिवशी एअरबॅग नसलेल्या, ट्रेलरच्या चाकाच्या उंचीच्या गाडीतून घोडबंदर रोडवर हिंडतो. शेजारच्या सीटवर मुलगी असते, तुमच्या फोटोतच आहे.

म्हणून क्रम असा. या आठवड्यात पावणेदोन कोटींच्या टर्म इन्शुरन्सचा अर्ज भरा, साठाव्या वर्षापर्यंतचा. तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला तीस हजारांच्या आसपास पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. मेडिकल होऊन पॉलिसी हातात आली की मगच त्या जुन्या पॉलिसीला हात लावा, आधी नाही. चार हप्ते भरलेत, सरेंडर केली तर दोनेक लाख येतील. दोन लाख बुडतात म्हणून पोटात गोळा येईल, ठाऊक आहे. हिशेब मात्र इथून पुढचा करायचा. आत्ताचे दोन लाख सोडून आणखी आठ लाख भरले आणि सोळा वर्षांनी खरंच २४ आले, तर पुढचा परतावा पावणेसातच्या आसपास पडतो, म्हणजे अगदी वाईट नाही. पण १८ आले तर साडेचार टक्के. मला १८ जास्त खरे वाटतात. शिवाय टर्मचा हप्ता कुठून तरी काढायचाच आहे. मी सरेंडर करेन. आलेले दोन लाख एफडीत टाका, कारण हप्ता धरून तुमचा महिना सव्वा लाखाच्या जवळ जातो आणि ६ लाख म्हणजे जेमतेम पाच महिने. नोकरी आयटीतली आहे, साडेसहा महिन्यांची सोय तरी असू द्या. सुटलेल्या लाखातून टर्मचे तीस भरा, सत्तर पीपीएफमध्ये.

पर्सनल लोनचा विचार तर सोडाच. १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर महिना तेरा हजार तीनशे, नव्वद हजार निव्वळ व्याज. कशासाठी, तर तारांच्या चाकांसाठी.

गाडीचं काय? आजपासून रस्त्यावर आणू नका. सोसायटीच्या गेटबाहेर, ‘फक्त हिरानंदानीपर्यंत’ वगैरेही नाही. ठाण्यात मोटार अपघाताचे दावे चालवणारा वकील गाठा आणि आरटीओत पाऊल टाकण्याआधी तो चौथा फोटो त्याला दाखवा. नोंदणी रद्द करून घ्यायची तर कशी, नंबराच्या त्या तुकड्याबद्दल काय लिहून द्यायचं, हे त्याच्याकडून समजून घ्या. फीचे पैसे वाचवायला जाऊ नका. आहे त्या आरसीवर गाडी स्विफ्ट म्हणून कुणाला विकणं हा पर्याय धरू नका. तुम्हाला जे गळ्यात घातलं गेलं तेच तुम्ही पुढच्याच्या गळ्यात घालाल, आणि ट्रान्स्फर रखडलं तर रस्त्यावर नाव तुमचंच फिरेल. नोंदणी रद्द झाल्यावर बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स शोभेसाठी किंवा सुट्या भागांसाठी विकता येतील. तीन लाख आले तर खूप झालं. आठ लाखांचा खड्डा आहे, तो आज मोजा. पुढे तो वाढतच जाणार आहे.

तोवर गाडी जपायचीच आहे, तर स्वस्तात जपता येते. फायबर गंजत नाही, पाइपांचा सांगाडा गंजतो. तेव्हा फिल्मच्या आधी खालून गंजरोधक मारून घ्या. ते १२ हजारांचं प्लॅस्टिकचं वॉटरप्रूफ कव्हर नको. ठाण्याच्या पावसाळ्यात त्याच्या आत वाफ कोंडते आणि गणपतीपर्यंत सीटवर बुरशी चढते. हवा खेळणारं, आतून मऊ कापडाचं कव्हर घ्या, पाच-सहा हजारांत येईल. स्टिल्टमध्ये पाणी साचत असेल तर गाडी ठोकळ्यांवर चढवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. लेदर उघड्या गाडीत इथल्या हवेला टिकत नाही, बोटीच्या सीटला वापरतात तसं रेक्झिन चालतं. पण तोही खर्च आत्ता नको.

पत्राच्या शेवटी लिहिलंय की फिल्मवाल्याला १० हजार टोकन दिलंय. परत मागा. नाही दिलं तर सोडून द्या, पण पुढचे १ लाख २० हजार देऊ नका.